सोलापूर : आमचा रविवारचा दगडगोटे गट, ॲसिडने पांढरे पडलेले स्फटिक आणि पुढचा उन्हाळा

सीनाकाठची

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापूरला राहते, घरीच शाळेच्या गणवेशांची शिलाई करते. चार मशिनी आहेत. दगडांचा नाद लागला तो भावाच्या विहिरीमुळे. मंद्रूपच्या पुढं त्याचं शेत आहे. दोन वर्षांपूर्वी विहीर खणताना 45 फुटांवर सुरुंग उडवला, आणि वर आलेल्या एका धोंड्याच्या पोटात पांढरी चकाकती पानं दिसली. बोटभर लांब, कडब्याची पेंढी मधोमध आवळून बांधावी तशी एकमेकांत बांधलेली. खणणारे मामा म्हणाले, "गार हाय ती ताई, टाका बांधावर." मी ती पदरात बांधून घरी आणली. मला ती टाकवेना.

त्यातून आमचा गट जमला. आता 14 जण आहोत. गल्लीतली सातवी-आठवीतली सहा पोरं, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, कॉलेजच्या दोन मुली, औषध दुकानवाले एक दादा, बाकी आमच्याकडे शिवायला येणाऱ्या बायका. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी माझ्या शिलाईच्या खोलीत मशिनींवर चादरी टाकून बसतो. नखानं ओरखडा उठतो का, सुरीनं उठतो का, दगडच काचेवर ओरखडा काढतो का, हे सगळ्यांना पाठ झालंय. शहाबादी फरशीचा चुरा करून त्यावर लिंबू पिळलं की बारीक फेस येतो आणि अंगणातल्या काळ्या दगडावर काहीच होत नाही, हे पोरांनी स्वतः शोधलं. मी सांगितलं नव्हतं.

पण गेल्या दोन महिन्यांत तीन गोष्टी बिघडल्या आणि मला झोप नाही.

एक, आमच्यातल्या एकानं व्हिडिओत बघून स्फटिक चकचकीत करायला फरशी धुवायच्या ॲसिडमध्ये रात्रभर ठेवले. सकाळी सगळे दुधी, निस्तेज. विहिरीतली ती पेंढीसुद्धा त्यात होती. दोन, एका पोराला रस्त्याच्या कामावर मिळालेला फिकट गुलाबी काड्यांचा गुच्छ डब्यात ठेवला होता, पंधरा दिवसांत त्याची भुकटी झाली. कुणी हातही लावला नव्हता. तीन, एका खाणीवर गेलो असताना एका मुलाच्या भुवईत कपची घुसली. डोळा वाचला. पण त्याच्या आईनं मला जे विचारलं, त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

आता मार्च येतोय. 42-43 डिग्रीत पोरांना माळावर नेता येणार नाही. मला हे बंद करायचं नाही. जाणकारांनी सांगावं, पुढं कसं चालवू?

भिंगवाला

ताई, भूशास्त्र शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची पेंढी म्हणजे स्टिल्बाइट, वर्णनावरून जवळजवळ नक्कीच. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेला लाव्हा, थरावर थर. प्रत्येक थराच्या माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकले आणि दगडात पोकळ्या राहिल्या. नंतर दगडातून झिरपणाऱ्या गरम पाण्यानं कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिका विरघळवून आणली आणि त्या पोकळ्यांत सावकाश स्फटिक जमवले. स्टिल्बाइट, हॉयलंडाइट, स्कोलेसाइट ही सगळी झिओलाइट कुळातली भावंडं. ॲपोफिलाइट त्यांच्या शेजारी सापडतं, पण ते त्या कुळातलं नाही.

आता ॲसिडचं. फरशीचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. व्हिडिओत बहुधा गारगोटी धुतलेली असणार. गारगोटी म्हणजे शुद्ध सिलिका, तिला ते काही करत नाही. झिओलाइटची घडण मात्र ॲसिडनं मोडते. त्यातलं ॲल्युमिनियम विरघळून जातं आणि मागं सिलिकाचा दुधी थर राहतो. स्कोलेसाइटचा तर चक्क गोळा होतो, साबुदाण्याच्या खिरीसारखा. कॅल्साइट, म्हणजे तुमच्या शहाबादीतलं चुन्याचं खनिज, फेसाळून पूर्ण नाहीसं होतं. गेलेली झळाळी परत येत नाही, हे मला वाईट वाटूनही सांगायला हवं. इथून पुढं साधं पाणी, मऊ ब्रश आणि सावलीत वाळवणं, एवढंच. उन्हातही ठेवू नका. झिओलाइटच्या रचनेतल्या पोकळ्यांत पाणी असतं आणि तापवलं की ते निघून जातं. 1756 साली स्वीडनच्या क्रोन्स्टेड या खनिजशास्त्रज्ञानं असाच एक खनिजाचा तुकडा तापवला, तो उकळल्यासारखा फसफसला, म्हणून ग्रीक शब्दांतून 'उकळणारा दगड' असं नाव पडलं. तोच झिओलाइट. जांभळी गारगोटी, म्हणजे ॲमेथिस्ट, असेल तर तीही उन्हापासून लांब ठेवा, बरेच दिवस उन्हात राहिली तर रंग उतरतो.

भुकटीचं कोडं त्याच पाण्याचं आहे. तो गुच्छ बहुधा लॉमोन्टाइट होता. हे झिओलाइट साध्या कोरड्या हवेतही पाणी सोडतं आणि आपोआप विस्कटतं. सोलापूरच्या हवेत तर लगेच. त्या मुलाला सांगा, त्याचं काही चुकलं नाही. भुकटी एका बाटलीत भरून ठेवा, पुढच्या वेळी असा गुच्छ मिळाला की दुसऱ्या बाटलीत ओल्या कापसासोबत बंद करा आणि दोन्ही शेजारी ठेवा. याच्याइतका चांगला प्रयोग मला कॉलेजातही दाखवता येत नाही.

माळावरचा

ताई राम राम. मी मंगळवेढ्याकडचा. आमच्या घरात तीन पिढ्या विहिरी खणायचं काम आहे, वडील अजून साइटवर उभे राहतात. भिंगवाले सरांनी सांगितलं ते बरोबर, मी फक्त आमच्या बाजूनं सांगतो.

वरून काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळवथर. काळवथर एकदम घट्ट, त्यात पाणी बी नाही आणि स्फटिक बी नाही. तुमची गार मिळणार ती मांजऱ्यात, जिथं दगडाला भोकं भोकं असतात. कधी कधी खाली तांबड्या गेरूचा पट्टा लागतो, तो लागला की वडील म्हणतात आता नवा थर सुरू झाला, आणि त्याच्याखाली परत मांजऱ्या. पाणी बी बहुतेक वेळा तिथंच लागतं. तुमच्या भावाच्या विहिरीत 45 फुटाला काय थर होता ते विचारून ठेवा. मामांना पक्कं आठवत असेल, ते विसरत नाहीत.

आता डोळ्याचं. ताई, हातोडीनं हातोडीवर किंवा छिन्नीचं डोकं फुगून पसरलेलं असताना ठोकलं की पोलादाची कपची उडते, ती दगडाच्या कपचीपेक्षा वाईट. छिन्नीचं डोकं घासून सरळ करून घ्या. गॉगल म्हणजे वेल्डिंगवाले ग्राइंडरला घालतात तो पांढरा, बाजूनं बंद असलेला. ठोकणाऱ्यालाच नाही, दहा हातावर उभं असलेल्यांना बी. आणि खरं सांगू का, पोरांनी ठोकायचंच कशाला? नव्या विहिरीच्या काठावर मलब्याचा ढीग असतो, सगळा फोडूनच वर आलेला. मालकाला विचारून त्यात नुसतं बघत फिरलं तरी पुरतं. खाणीच्या तोंडाशी पोरं नेऊ नका. सुरुंगातलं एखादं भोक न फुटता राहतं, बाहेरून कळत नाही. विहिरीत तर उतरायचंच नाही, खाली वाईट हवा असते.

ढिगात दगड उलटताना पलीकडची कड धरून आपल्याकडं उचलायचा, म्हणजे खाली इंचू किंवा फुरसं असलं तर मधे दगडाची आड राहते. हे माझ्या आज्याचं शिकवणं आहे, पोरांना आधी हे शिकवा.

सीनाकाठची

माळावरचे दादा, तुमचं वाचून मी त्या मुलाच्या आईकडे गेले. गॉगलचं, छिन्नीचं, ढिगाचं सगळं सांगितलं. त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. पण पुढच्या वेळी स्वतः सोबत येईन म्हणाल्या.

भिंगवाले सर, पोरांना लॉमोन्टाइटचं सांगितलं तेव्हा तो मुलगा म्हणाला, "म्हणजे दगडाला तहान लागते?" मी होच म्हटलं.

भावाला फोन करून मामांचा नंबर घेतला. 45 फुटांचंच काय, त्यांना वरचंही सगळं आठवत होतं. 38 ला तांबडा पट्टा लागला होता आणि त्याच्याखाली सात फूट मांजऱ्या, असं एका दमात सांगितलं. मी हे कधी लिहूनच ठेवलं नव्हतं. माझ्याकडं दोनशेच्या वर दगड आहेत आणि निम्म्यांचं गावही आठवत नाही. आज मला याचंच सगळ्यात जास्त लागलं. ॲसिडपेक्षाही.

सदाशिव_स्फटिक

पुण्याहून. आम्ही बरीच वर्षं असा गट चालवतो, म्हणून तुमच्या शेवटच्या वाक्यावरच लिहितो.

1863 साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. तो घाट फोडताना निघालेले सुंदर झिओलाइट, ॲपोफिलाइट युरोपातल्या संग्रहालयांत जाऊन बसले. पुष्कळ जुन्या चिठ्ठ्यांवर ठिकाण म्हणून फक्त 'पूना' लिहिलेलं आहे. पुढं बाजारातही तेच झालं, कुठल्याही खाणीचा माल पूना. आज त्या तुकड्यांवरून कुठल्या थरात काय सापडलं हे कुणी सांगू शकत नाही. उलट वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हन्साइट बघा. त्याचं ठिकाण नीट नोंदलं गेलं म्हणून जगभरचे अभ्यासक ते नाव ओळखतात.

त्यामुळं ज्या दगडाचं गाव आठवत नाही त्यावर अंदाजानं काही लिहू नका. त्यांची वेगळी पेटी करा, ते ठोकायला, ओरखडायला, लिंबू पिळायला वापरा. बाकीच्यांवर पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका आणि त्यावर काळ्या शाईनं नंबर. ठिपका मागच्या बाजूला, स्फटिकावर कधीच नाही. वहीत तोच नंबर, गाव, कुणाचं शेत, किती फूट, कुठला थर, तारीख, कुणाला सापडला. चिठ्ठी हरवते, नंबर राहतो.

उन्हाळ्यासाठी एक सुचवतो. पहाटे हत्तरसंग कुडलला जा, भीमा-सीनेच्या संगमावर. भीमा भीमाशंकरहून निघते आणि तिथवर काळ्या दगडावरूनच येते. नदीकाठच्या गोट्यांत तुम्हाला गारगोटी आणि तिच्याच जातीचे अकीक, कॅल्सेडनी मिळतील, पण स्टिल्बाइट मिळणं कठीण. का, ते पोरांना विचारा. ओरखड्याची परीक्षा त्यांना येते म्हणालात ना. दुसरं, वाळूत चुंबक फिरवा, चुंबकावर आधी प्लास्टिकची पिशवी चढवून, नाहीतर कण सुटत नाहीत. काळी पूड चिकटेल. ते बेसॉल्टमधलं मॅग्नेटाइट. भिंगातून बघायला ते आठ दिवस पुरतं. संगमावरच्या देवळाच्या आवारातलं मात्र काहीही उचलायचं नाही, सुटा पडलेला तुकडासुद्धा नाही. किल्ल्याचंही तेच.

आणि कधीतरी सगळ्यांना घेऊन नाशिक जिल्ह्यात सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघा. तुमच्या मामांनाही न्या.

सीनाकाठची

तीन आठवड्यांनी लिहितेय. शाळांच्या ऑर्डरी सुरू झाल्यात, वेळ मिळेना.

कुडलला जाऊन आलो. पहाटे साडेचारला दोन गाड्या काढल्या, साडेआठला परत फिरलो. पोरांनी आधी तिथल्या देवळातला शके 940 चा शिलालेख बघितला. काका म्हणाले, हजार वर्षं अक्षरं टिकली ती या काळ्या दगडामुळं. मग नदीकाठी बसलो. स्टिल्बाइट का नाही याचं उत्तर त्या तहानवाल्या मुलानंच दिलं. सुरीनं ज्याच्यावर ओरखडा उठतो तो इतक्या लांबून लोळत येईपर्यंत पीठ होणार, आणि ज्याच्यावर सुरी चालत नाही तो राहणार. भुवईला लागलेल्या मुलाची आईही सोबत होती. त्या दिवशी हातोडी नेलीच नव्हती. त्यांनी चुंबक हातातून सोडला नाही.

बाकीचे रविवार घरातच. एकदा प्रत्येकानं आपल्या घरातल्या दगडांची यादी आणायची ठरवली. शहाबादी, कोटा, पाटा-वरवंटा, जातं, स्वयंपाकाचा ओटा. ओट्याचा 'काळा ग्रॅनाइट' भिंगाखाली बघून भिंगवाले सरांना फोटो पाठवला, ते म्हणाले यात गारगोटी दिसतच नाही, हा डोलेराइट किंवा गॅब्रो असणार, बाजारात नुसतं नाव ग्रॅनाइट. म्हणजे आपल्या काळ्या दगडाचाच जमिनीखाली सावकाश थंड झालेला नातेवाईक. त्या दिवशी बायका पोरांपेक्षा जास्त बोलल्या. रोज त्यावर हात फिरतो ना.

नोंदीचं सांगते. माझ्याकडं शर्टाच्या कॉलरमागं लावायच्या साइजच्या पट्ट्यांचे रोल पडून होते. त्यांच्या कोऱ्या बाजूवर नंबर लिहून खोक्यात लावतो, दगडावर ठिपकाही करतो. आतापर्यंत 61 झाले. बिननावाच्या दगडांची पेटी एवढी मोठी झाली की दोघांना उचलावी लागते. नंबर 1 ला ती ॲसिडमध्ये गेलेली पेंढीच दिली आहे. निस्तेज आहे, पण 38 फुटांचा तांबडा पट्टा आणि 45 फुटांचा मांजऱ्या तिच्या ओळीत लिहिलाय. ज्यानं ॲसिडमध्ये टाकली त्यानंच लिहिलं, आणि त्याच्याच अक्षरात "ॲसिड लागले" हेही.

मामा दुसऱ्या रविवारी येणार आहेत. त्यांनी येताना काय आणू विचारलं. मी म्हटलं, बांधावर टाकलेलं काहीही, फक्त कुठल्या विहिरीचं आणि किती फुटांवरचं ते सांगा.

माळावरचे दादा, तुमच्याकडं मेमध्ये कुठं नवीन विहिरीचं काम निघणार असेल तर कळवाल का? मालकांना मी स्वतः येऊन विचारेन. सहा पोरं, चार मोठी माणसं, दहा गॉगल.

माळावरचा

एक आहे ताई, अक्षय्यतृतीयेनंतर सुरू होईल. मालक आमच्या नात्यातलेच आहेत, पण विचारायला तुम्हीच या. सकाळी सातच्या आत ढिगावर ऊन नसतं. वडलांना सांगितलंय, ते म्हणाले प्रत्येक थर लागला की त्याचा दगड वेगळा ढीग करून ठेवतो, पोरांनी येऊन नंबर घालावेत.