वाढीव मोबदल्याच्या व्याजातून कापलेला कर आई आणि मला परत मिळेल का?

शेवंती

नमस्कार. माझ्या वडिलांची कोरडवाहू शेतजमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली पाझर तलावासाठी संपादित झाली आणि मार्च २०१३ मध्ये तिचा ताबा घेण्यात आला. मूळ निवाड्यातील दर फारच कमी असल्याने वडिलांनी कलम १८ खाली न्यायालयात दावा केला. त्याचा निकाल लागण्यापूर्वीच, २०१९ साली, त्यांचे निधन झाले. सातबाऱ्यावर आई, थोरले बंधू आणि मी अशी तिघांची वारसनोंद झालेली आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये वाढीव मोबदला दिलासा रकमेसह (सक्तीच्या संपादनापोटी मिळणारी जादा रक्कम) १२ लाख रुपये आणि त्यावरील व्याज १८ लाख रुपये असे एकूण ३० लाख रुपये मंजूर झाले. रक्कम देणाऱ्या कार्यालयाने व्याजावर १० टक्के म्हणजे १,८०,००० रुपये कर कापून उरलेले २८,२०,००० रुपये दादाच्या खात्यावर जमा केले, कारण तेव्हा फक्त त्याचाच पॅन क्रमांक तेथे दिलेला होता. दादाने एक रुपयाही मागे न ठेवता प्रत्येकी ९,४०,००० रुपये अशी वाटणी केली.

आईचे वय ७१ असून बचत खात्यावरील किरकोळ व्याजाखेरीज तिला उत्पन्न नाही. मी घरी शिकवण्या घेते. त्यातून मला वर्षाला सुमारे १,८०,००० रुपये मिळतात. आम्ही दोघींनी कधीही विवरणपत्र भरलेले नाही आणि आईला पॅन गेल्या वर्षीच मिळाला. दादा नोकरीत असल्याने त्याने आपले विवरणपत्र वेळेत भरले, परंतु त्यात ही रक्कमही दाखवली नाही आणि कापलेल्या कराची मागणीही केली नाही. आता जून २०२५ उजाडला आहे. आईच्या वाट्याचे ६०,००० आणि माझ्या वाट्याचे ६०,००० रुपये परत मिळण्याचा काही मार्ग उरला आहे का? आईच्या औषधोपचारासाठी ही रक्कम लहान नाही, म्हणून जाणकारांना कळकळीची विनंती आहे.

जमाखर्च

ताई, मार्ग उरला आहे, मात्र तो लांबचा आहे. कापला गेलेला कर हा अंतिम कर नसून आगाऊ वसुली असते. प्रत्यक्ष देय कर त्याहून कमी निघाला तर फरक परत मागण्याचा हक्क ज्याचे उत्पन्न आहे त्यालाच असतो, ज्याच्या पॅनवर कपात झाली त्याला नव्हे. आपल्या प्रकरणाची सगळी गाठ या एका मुद्द्यावर आहे.

प्रथम १२ लाखांविषयी. जमीन नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या हद्दीपासून ठरावीक अंतराच्या बाहेर असेल (लोकसंख्येनुसार हे अंतर २, ६ किंवा ८ किलोमीटर असते), तर ग्रामीण शेतजमीन ही भांडवली मालमत्ताच मानली जात नाही आणि या रकमेवर भांडवली नफ्याचा प्रश्न उद्भवत नाही. संबंधित कार्यालयाने या रकमेतून कर कापला नाही, हे योग्यच झाले.

व्याजाचे तसे नाही. १ एप्रिल २०१० पासून वाढीव मोबदल्यावरील व्याज, ते कितीही वर्षांचे असले तरी, ज्या वर्षी हाती पडते त्याच वर्षाचे उत्पन्न धरले जाते. मात्र आयकर कायद्याच्या कलम ५७(iv) खाली त्यातील निम्म्या रकमेची सरसकट वजावट मिळते. म्हणजे आईच्या ६ लाख व्याजापैकी करपात्र ठरतात ३ लाख. कर निर्धारण वर्ष २०२४-२५ (म्हणजे २०२३-२४ मधील उत्पन्नाचे वर्ष) साठीच्या नव्या कररचनेत ३ लाखांपर्यंत कर नाही आणि ७ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कलम ८७अ ची सवलत आहे, म्हणजे तेवढ्यावरचा कर माफ होतो. आपले स्वतःचे उत्पन्न ३ लाख अधिक १,८०,००० म्हणजे ४,८०,००० होते. त्यामुळे दोघींचाही देय कर शून्य निघतो आणि दोघींचे मिळून १,२०,००० रुपये परत मिळण्यास पात्र आहेत.

अडचण मुदतीची आहे. त्या वर्षाचे विलंबित विवरणपत्र वाढीव मुदत धरूनही १५ जानेवारी २०२५ पर्यंतच भरता येत होते. अद्ययावत विवरणपत्राची (राहिलेले उत्पन्न जादा कर भरून नंतर दाखवण्याची सोय) खिडकी अजून उघडी आहे असे आपल्याला कोणी सांगेल, पण त्यातून परतावा मागता येत नाही, म्हणून त्या वाटेने जाऊ नये. आपल्यासाठी कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफ करण्याचा अर्ज हाच उपाय आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रक क्रमांक ११/२०२४ नुसार संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून ५ वर्षांच्या आत हा अर्ज करता येतो. आपल्या बाबतीत ही मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. एक कोटी रुपयांपर्यंतच्या मागणीचा निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्त घेतात. अर्ज मंजूर झाल्यावरच विवरणपत्र भरायचे असते.

बांधावरून

वरील उत्तराशी मी सहमत आहे, तरी एक बाब नोंदवावीशी वाटते. न्यायालयाने वाढवलेल्या मोबदल्यावर १८९४ च्या कायद्याच्या कलम २८ खाली मिळणारे व्याज हा मोबदल्याचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली म्हटले होते. त्या आधाराने गुजरात उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशा व्याजावरील करकपात चुकीची ठरवली. हे व्याज सरकारने उशिरा दिलेल्या दामाचीच भरपाई असते, त्याला उत्पन्न म्हणणे शेतकऱ्यावर अन्याय करणारे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेव्हा आपण ५० टक्क्यांवर न थांबता संपूर्ण व्याज करमुक्त असल्याची भूमिका घ्यावी, असे सुचवतो.

जमाखर्च

आपली भावना मला पटते, पण या प्रकरणात ती भूमिका घेऊ नये असे मी आग्रहाने सांगेन. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०२० मध्ये, आयकर कायद्यातील १ एप्रिल २०१० पासूनच्या दुरुस्तीनंतर हे व्याज करपात्रच आहे, असा उलट निर्णय दिला आहे. वाद जिवंत असलेल्या मुद्द्यावर अर्ज उभा केला तर तो वर्षानुवर्षे अडकू शकतो. ताईंना आणि त्यांच्या मातोश्रींना ५० टक्के वजावटीनेच पूर्ण परतावा मिळत असताना त्या वादात शिरून अधिक काहीच हाती लागणार नाही. ज्यांचे व्याज कोटीच्या घरात आहे, त्यांनी मात्र सल्लागाराशी बोलून हा मुद्दा अवश्य लढवावा.

पाणंद

माझ्या आईसाठी मी अशाच अर्जाच्या मागे होतो, म्हणून कागदपत्रांविषयी लिहितो, कारण सर्वाधिक वेळ तेथेच जातो.

करकपात बंधूंच्या पॅनवर आहे, हा पहिला अडसर दूर करावा. आयकर नियम ३७बीए(२) नुसार बंधूंनी कर कापणाऱ्या कार्यालयाला लेखी निवेदन द्यावे की, या व्याजाचा दोन तृतीयांश भाग आई आणि बहिणीचा आहे. निवेदनात दोघींची नावे, पत्ते, पॅन, प्रत्येकीची रक्कम आणि कारण असावे. त्यावरून कार्यालयाने आपल्या तिमाही विवरणात दुरुस्ती केली की कपात दोघींच्या २६एएस मध्ये, म्हणजे पॅनवर जमा कराच्या उताऱ्यात, दिसू लागते. आमच्या वेळी कार्यालयाने चार महिने काहीच हालचाल केली नाही. दर पंधरा दिवसांनी पोच घेऊन स्मरणपत्रे दिली, तेव्हा काम झाले. विवरणपत्राच्या टीडीएस (मुळातून करकपात) तक्त्यात ‘दुसऱ्या व्यक्तीच्या नावावरील कपात’ दाखवण्याची सोय आहे, परंतु त्यासाठी त्या दुसऱ्या व्यक्तीच्या विवरणपत्रातही तशी नोंद जुळावी लागते. बंधूंचे विवरणपत्र आधीच भरून झाल्याने दुरुस्तीचाच मार्ग सोपा पडेल.

अर्जासोबत आम्ही न्यायालयाच्या निकालाची प्रत, मुद्दल आणि व्याज वेगळे दाखवणारा हिशोबाचा तक्ता, नमुना १६अ (करकपातीचे प्रमाणपत्र), सातबारा, वारसनोंदीचा फेरफार, वाटणीच्या रकमा दाखवणारे बँकेचे उतारे आणि भावाचे प्रतिज्ञापत्र जोडले होते. हे उत्पन्न अन्य कोणाच्या हाती करपात्र नाही, याची अधिकारी खात्री करून घेतात, त्यामुळे प्रतिज्ञापत्राला फार महत्त्व आहे. विवरणपत्र का भरता आले नाही याचे खरे कारण साध्या शब्दांत लिहावे. मातोश्रींचे वय, पॅन नसणे, कपात दुसऱ्याच्या नावावर असल्याने ती त्यांना कळलीच नाही, हे सर्व त्यात यावे. वैद्यकीय खर्चाच्या पावत्या असतील तर त्याही लावाव्यात, कारण खरीखुरी अडचण होती हे दाखवावे लागते.

अर्ज ज्या महिन्यात मिळाला त्या महिन्याच्या अखेरीपासून शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावा, असे परिपत्रकात म्हटले आहे. आमच्या अर्जाला सात महिने लागले. अशा उशिरा आलेल्या मागणीवर परताव्याचे व्याज मिळत नाही, तेव्हा तेवढी अपेक्षा ठेवू नये.

शेवंती

आपणा सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका उरल्या आहेत. दादाच्या वार्षिक माहिती विवरणात (आयकर संकेतस्थळावरील त्याच्या पॅनवरच्या व्यवहारांची यादी) संपूर्ण १८ लाख रुपये दिसत आहेत. त्याच्यावर कर आकारणीची वेळ येईल का? आणि आम्ही दोघींनी वेळेत विवरणपत्र न भरणे हा आमचा दोष धरला जाईल का?

जमाखर्च

बंधूंनी आपल्या वाट्याच्या ६ लाखांपैकी करपात्र ३ लाख रुपये दाखवून अद्ययावत विवरणपत्र भरावे. त्यांना परतावा मागायचा नसून उत्पन्न वाढवायचे आहे, म्हणून त्यांच्यासाठी हा मार्ग योग्य आहे. ३१ मार्च २०२६ पर्यंत भरल्यास देय कर व व्याजाच्या २५ टक्के इतका अतिरिक्त कर लागेल, त्यानंतर तो वाढत जाईल. स्वतःच्या वाट्याच्या ६०,००० रुपयांच्या कपातीचे श्रेय त्यांनी तेथे घ्यावे. उरलेल्या १२ लाखांविषयी माहिती विवरणात ‘ही माहिती अन्य पॅनशी संबंधित आहे’ असा अभिप्राय नोंदवून दोघींचे पॅन द्यावेत. नोटीस आली तर वाटणीचे बँक उतारे पुढे करता येतील.

दुसऱ्या शंकेविषयी, वर्षभरात २५,००० रुपये किंवा अधिक करकपात झाली असेल तर उत्पन्न कमी असूनही विवरणपत्र भरणे बंधनकारक असते. साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी ही मर्यादा ५०,००० रुपये आहे. हा नियम फारच थोड्या लोकांना ठाऊक असतो. ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नासाठी विलंब शुल्क १,००० रुपये आहे, तेवढे परताव्यातून वजा होईल असे धरून चालावे. मातोश्रींचा पॅन आधारशी जोडलेला आहे आणि त्यांच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते आयकर संकेतस्थळावर पडताळून घेतलेले आहे, एवढे आजच पाहून ठेवा. अर्ज मंजूर होऊनही केवळ या दोन कारणांनी परतावा थांबलेली प्रकरणे मी पाहिली आहेत.