अनुभव धागा: रात्रीचं पीठ-पाणी (पिठलं, पिठी, शेंगोळे, गोळाभात, चकोल्या)

भाजी आणलेली नाही, डाळ भिजवलेली नाही आणि आठ वाजून गेलेत. अशा वेळी डब्यातलं पीठ आणि फोडणी एवढ्यावर जे जेवण उभं राहतं, त्यासाठी हा धागा. पाककृती ढिगाने मिळतात, पण त्यांत 'पाणी अंदाजाने' लिहिलेलं असतं आणि घोळ नेमका तिथेच होतो. पिठाला पाणी किती, गुठळी कुठल्या टप्प्यावर धरते, कच्चट वास का राहतो, गोळा का फुटतो, हे लिहा. 'आमच्याकडे असंच करतात' चालेल, पण का करतात तेही येऊ द्या. वाटी सगळ्यांनी 150 मिलीची धरा, म्हणजे मापं जुळतील.

पळीवाढ

सुरुवात पिठल्यापासूनच. एक वाटी डाळीच्या पिठाला पाण्याची मापं अशी: भातावर घ्यायचं सरसरीत पिठलं, साडेतीन ते चार वाट्या. भाकरीबरोबरचं पळीवाढं, अडीच ते तीन. थापून वड्या पाडायच्या असतील तर पावणेदोन ते दोन. झुणक्याला अर्धी ते पाऊण, तीही हबका मारत मारत.

एवढ्या पिठाला तेल तीन मोठे चमचे. कमी घातलं तर पिठलं टाळूला चिकटतं. मोहरी, जिरं, हिंग, सात-आठ लसूणपाकळ्या ठेचून, चार हिरव्या मिरच्या, एक मोठा कांदा, शेवटी हळद. कांदा पारदर्शक झाला की पुरे. लाल केलात तर पिठलं गोडसर लागतं.

गॅस बंद करताना पिठलं हवं त्याहून थोडं सैल असलं पाहिजे. पानात येईस्तोवर ते आळतंच.

खरवड

पाण्याचं माप बरोबर आहे, पण पीठ कसं घालायचं यावरच निम्मं पिठलं ठरतं. दोन पद्धती आहेत.

कालवून: पीठ आधी थोड्या गार पाण्यात सरबरीत कालवायचं, गुठळ्या बोटांनी मोडायच्या, मग उरलेलं पाणी. दहा मिनिटं तसंच ठेवलं तर पीठ पाणी पितं आणि नंतर ऐनवेळी घट्ट होत नाही. हे कालवण फोडणीत एका हाताने ओतायचं, दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. गरम पाण्यात मात्र कधी कालवू नका. पिठाचा बाहेरचा थर लगेच चिकट होतो, आत कोरडं पीठ अडकतं. गुठळी म्हणजे हीच.

पेरून: फोडणीवर मापाचं पाणी आणि मीठ घालून खळखळून उकळी आणायची, मग आच मंद करून पीठ चिमटीचिमटीने भुरभुरत दुसऱ्या हाताने ढवळायचं. यात बारीक गाठी राहतात आणि त्या राहाव्यात यासाठीच ही पद्धत. ज्वारीच्या भाकरीबरोबर गाठीचं पिठलंच लागतं, हे माझं ठाम मत. गाठ हरभऱ्याच्या दाण्याएवढी असेल तर आतपर्यंत शिजते, सुपारीएवढी झाली तर आत पीठच राहणार.

कच्चट वासाचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. पिठलं घट्ट झालं की झालं असं समजून लोक गॅस बंद करतात. घट्ट ते दोन मिनिटांत होतं, शिजायला आणखी सात-आठ मिनिटं लागतात. ताटली झाकून मंद आचेवर वाफ काढा, दोनदा उघडून तळापासून ढवळा. नीट पाहिलंत तर बदल डोळ्यांना दिसतो. आधी पिठलं फिकट आणि मातकट दिसतं, त्याला चमक नसते. मग रंग गडद होतो, वर तुकतुकी येते, बुडबुडे बारीक न येता मोठे येऊन फट् फट् फुटायला लागतात (हात सांभाळा, चटका जबर बसतो) आणि कडेला तेलाची रेघ सुटते. ती रेघ दिसली की बंद.

फोडणीपात्र

झुणक्याचं पीठ आधी कोरडं भाजून घ्या असं जागोजागी लिहिलेलं असतं. नका भाजू. बेसनाच्या लाडवाचा वास येतो. कांदा दुप्पट घ्या, तेल सढळ, पीठ थेट कांद्यावर पेरा आणि तिथेच तेलात दोन मिनिटं परता. मग हबका, मग वाफ.

खरवड

@फोडणीपात्र, दोन मिनिटं परतणं म्हणजेही भाजणंच की. असो.

सड्यावरची

कोकणातून कुळथाची पिठी. हिला पिठल्याची मापं लावू नका. तीन-चार जणांना अर्धी वाटी पीठ आणि चार ते साडेचार वाट्या पाणी. एवढं पातळ कसं, असं वाटेल, पण पिठी भातात कालवायची असते, थापायची नसते.

पीठ भाजलेल्या कुळथाचंच हवं. कुळीथ खमंग वास येईपर्यंत भाजून भरडायचे, साल पाखडून काढायची, मग दळायचे. साल राहिली तर पिठी तुरट होते आणि घशाला खरखरते. पीठ भाजलेलं असल्याने शिजायला हरभऱ्याच्या पिठाइतका वेळ घेत नाही, उकळीनंतर पाच-सहा मिनिटं बास.

लसूण आठ-दहा पाकळ्या, ठेचून, सालासकट. कांदा घालतात काही घरांत, पण लसणीची पिठी ती खरी पिठी. कालवलेलं पीठ ओतल्यावर पहिली उकळी येईपर्यंत पातेल्यापासून हलायचं नाही. फेस धरून उतू जाते, आणि शेगडीवर सांडलेली पिठी वाळली की खरवडून काढावी लागते. पातेलं निम्मंच भरेल एवढं मोठं घ्या. आमसुलं तीन-चार, शेवटच्या दोन मिनिटांत. आधीपासून उकळली तर आंबटाऐवजी तुरटपणा उतरतो. वर मूठभर ओलं खोबरं. बरोबर मऊ भात आणि भाजलेला पापड.

हुलगे_बाजरी

कोकणात कुळीथ, आमच्या जुन्नर भागात तेच हुलगे. शेंगोळे त्याचेच. चौघांचं माप देतो.

हुलग्याचं पीठ दोन वाट्या, त्यात गव्हाचं पीठ अर्धी वाटी. नुसत्या हुलग्याला चिकटपणा कमी, वळताना तुटतं, म्हणून गहू. बारा-पंधरा लसूणपाकळ्या, सहा-सात हिरव्या मिरच्या, एक चमचा जिरं आणि मूठभर कोथिंबीर खलबत्त्यात जाडसर कुटायची. निम्मं वाटण पिठात, निम्मं फोडणीला. मीठ-हळद घालून पुरीच्या कणकेइतकं घट्ट मळा. पाणी एकदम ओतू नका, पाऊण वाटीपासून सुरू करून लागेल तसं घ्या. सैल झालं तर शेंगोळा उकळत्या पाण्यात विरघळतो आणि पिठलं होतं. तेही खाता येतं, पण शेंगोळे नव्हेत.

मळलेल्यातला लिंबाएवढा गोळा बाजूला ठेवा, तो रश्श्याला लागतो. बाकीच्याच्या, हाताला तेल लावून, पोळपाटावर पेन्सिलीएवढ्या जाड वळ्या करा, बोटभर लांब तोडा, टोकं जुळवून कडं करा. करंगळीएवढे जाड वळले तर आत कोरडे राहतात. वळून झालेले पसरून ठेवा, एकावर एक रचले तर चिकटतात.

फोडणीत उरलेलं वाटण परता, सात-आठ वाट्या पाणी आणि मीठ घाला. पाणी खळाखळा उकळल्याशिवाय एकही शेंगोळा टाकायचा नाही, आणि टाकताना पाच-सहाच एका वेळी, म्हणजे उकळी मोडत नाही. पहिली तीन मिनिटं पळी लावू नका. मग पळीच्या दांड्याने हलकेच हलवा. अर्धवट झाकून मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. एक काढून मोडून बघायचा. मधोमध फिकट, कोरडी रेघ दिसली तर अजून पाच मिनिटं.

आता राखलेला गोळा अर्धी वाटी पाण्यात कुस्करून रश्श्यात ओता, एक उकळी, झालं. दहा मिनिटं मुरू द्या. फार आळलं तर आधणाचंच पाणी वाढवा. गार पाणी घातलं तर रस्सा फुळकवणी होतो. बरोबर बाजरीची भाकरी आणि कच्चा कांदा.

दूरदेशी

प्रश्न. इथे भारतीय दुकान लांब आहे. जवळच्या दुकानात काबुली चण्याचं पीठ मिळतं. पिठलं चिकट-गुळगुळीत होतं आणि चवही वेगळी लागते. माप चुकतंय का?

पळीवाढ

@दूरदेशी, माप नाही, पीठ वेगळं आहे. आपलं बेसन हरभऱ्याच्या डाळीचं, साल काढलेलं. काबुली चणा वेगळा वाण. दोन्हींना पाणी वेगवेगळं लागतं, त्यामुळे पहिल्यांदा अर्धी वाटीच करून बघा आणि पाणी तीन हप्त्यांत घाला. शक्य असेल तर हरभरा डाळ आणून मिक्सरमध्ये दळा आणि चाळा. किंचित रवाळ राहिलं तर उत्तम, अतिबारीक पिठाच्या गुठळ्या जास्त होतात. आणि तुमच्याकडे विजेची कॉइलची शेगडी असेल तर बंद केल्यावरही ती बराच वेळ तापलेली राहते. पातेलं उचलून बाजूला ठेवा, नाहीतर पळीवाढ्याची वडी होते.

वऱ्हाडी_तडका

गोळाभात कोणीच लिहिला नाही म्हणून.

पीठ बारीक बेसन नको, हरभरा डाळीचा भरडा पाहिजे, रव्यासारखा. एक वाटी भरड्याला कडकडीत तेलाचं मोहन तीन चमचे, तिखट, हळद, जिरं, हिंग, मीठ. पाणी फक्त गोळा वळण्यापुरतं. मुठीत दाबून लिंबाएवढे गोळे करायचे. बारीक बेसनाचे केले तर डिंकाच्या गोळ्यासारखे चिवट होतात, मोहन कमी पडलं तर दगड.

दीड वाटी तांदळाचा भात नेहमीसारखा पातेल्यात लावा. पाणी बहुतेक आटून वर भोकं दिसायला लागली की गोळे भातावर ठेवून घट्ट झाकण, आच अगदी मंद, पंधरा मिनिटं. त्याआधी ठेवले तर पाण्यात फुटतात, फार उशीर केला तर वाफच पुरत नाही. कुकरमध्ये करू नका.

पानात भात, त्यावर गोळा कुस्करायचा, त्यावर मोहरी-हिंग-लाल मिरचीची गरम फोडणी. ही फोडणी कमी तेलात करणाऱ्यांनी दुसरा पदार्थ बघावा. बाजूला कढी.

गोडा_मसाला

चकोल्या, म्हणजेच वरणफळं. एक वाटी तूरडाळ शिजवून घोटलेली, पाच वाट्या पाणी, चिंच-गूळ, गोडा मसाला दोन चमचे. आमटी नेहमीपेक्षा पातळ आणि मीठ-तिखट थोडं चढं ठेवा, फळं दोन्ही ओढून घेतात. कणीक पोळीपेक्षा घट्ट, त्यात ओवा-हळद. लाटी पोळीहून जाड. शंकरपाळ्यासारखी कापून उकळत्या आमटीत एकेक सोडायची, गठ्ठ्याने टाकली तर एकच पोळी परत मिळते. बारा मिनिटं, मध्यम आच. वर तूप.

गुजराती दाळढोकळी जवळची आहे, पण आपल्या गोड्या मसाल्याने आमटीची चवच वेगळी होते.

फोडणीपात्र

भाकरीबद्दल एक. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी (पिठाचा चिकटपणा) जाते आणि भाकरी थापताना कडेने फाटते. मळून मळून काही होत नाही. एक वाटी पाणी उकळा, एक वाटी पीठ त्यात घालून ढवळा, झाकून पाच मिनिटं ठेवा आणि गरम आहे तोवर मळा. विरी नसलेल्या पिठाचीही भाकरी जमते.

दूरदेशी

धन्यवाद, डाळ दळून बघते. उरलेलं पिठलं दुसऱ्या दिवशी गोळा होतं, त्याचं काय करायचं?

खरवड

पातळ हवं असेल तर आधी पाव वाटी पाणी उकळा, गोळा त्यात घालून रवीने मोडा. उलट केलंत, म्हणजे गोळा तापवून त्यावर पाणी, तर गुठळ्या होतात. घट्ट असेल तर ज्वारीचं पीठ आणि कांदा घालून थालीपीठ लावा, मीठ वेगळं घालू नका.

आणि तळाची खरवड लगेच ओढायला जाऊ नका. गॅस बंद करून पाच मिनिटं झाकून ठेवली की कढई घाम धरते आणि उलथन्याने ती अख्खी सुटून येते. फक्त लोखंडी कढईत पिठलं रात्रभर ठेवू नका, काळं पडतं. आमसूल-चिंचेचं काहीही तर त्यात करूच नका.