हॉस्पिसमध्ये स्वयंसेवक नक्की करतो काय? तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती

आमचं हॉस्पिस, म्हणजे बरं होण्यापलीकडे गेलेल्या रुग्णांची शेवटच्या काळात काळजी घेणारी संस्था. नव्या स्वयंसेवकांचं प्रशिक्षण सुरू होतंय आणि दर खेपेला पहिला प्रश्न तोच: "पण तिथे जाऊन मी करायचं काय?" आमच्या पत्रकात 'भावनिक आधार देणे' असं छापलंय. त्यातून कुणाला काही कळत नाही. म्हणून ज्यांनी हे काम केलंय, किंवा ज्यांच्या घरच्या माणसाजवळ असं कुणी येऊन बसलंय, त्यांनी लिहा. अटी दोनच. रुग्णाची ओळख पटेल असं काही नको, आणि सुविचार नकोत.

सुरुवात मी करते. माझ्या वाट्याला आल्या उशा. पाठीशी एक, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक, आणि टाचा गादीला टेकणार नाहीत अशी पोटऱ्यांखाली एक. अंगावर मांस उरलेलं नसतं, त्यामुळे टाच, माकडहाड, खांदा जिथे टेकेल तिथे कातडी लाल होते आणि मग जखम. कूस सिस्टर बदलतात, आपण फक्त आधार धरायचा. पण उशी दोन बोटं वर की खाली हे रुग्णालाच ठाऊक असतं आणि ते सांगायला त्याला वेळ लागतो. तो वेळ सिस्टरकडे नसतो, माझ्याकडे असतो. माझं काम एवढंच आहे, असं मी नव्या लोकांना सांगते. ते जरा हिरमुसतात.

रविवारची पाळी

मी बोलका माणूस. काय काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. खाटेवरचे आजोबा म्हणाले, "बसा. बोलू नका, मॅच चालू आहे." दोन तास मॅच पाहिली. जाताना म्हणाले, पुढच्या रविवारी या.

पुढे एकदा त्यांनी विचारलं, "दुसऱ्याची दाढी करता येते का हो?" सिस्टरना विचारलं. रक्त पातळ होण्याचं औषध चालू होतं म्हणून ब्लेड नको, मशीन वापरा म्हणाल्या. गाल इतके आत गेलेले की मशीन नुसतं वरून फिरे. दोन बोटांनी कातडी ताणायची, तेवढाच पट्टा करायचा, थांबायचं. हनुवटी वर करून धरणं त्यांना झेपत नव्हतं, म्हणून मानेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. मध्ये ते चक्क झोपले. अर्ध्या दाढीनिशी. मी मशीन हातात धरून बसून राहिलो. उठल्यावर आरसा मागितला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मिशी डावीकडे तिरकी झालीय. ही यायच्या आत सरळ करा."

पलीकडची बाजू

मी रुग्णाची मुलगी. आईजवळ दर बुधवारी एक काकू यायच्या. पहिल्या बुधवारी मी खोलीतून हललेच नाही. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "तीन ते पाच मी इथून उठत नाही. फोन चालू ठेव आणि जा." मी खाली जाऊन गाडीत झोपले. बाकी कुठे जायचं सुचलंच नाही.

परत आले तर कागदावर लिहिलेलं: ३:२० पाणी, दोन चमचे. ३:४० झोप. ४:१५ जाग, तुझं नाव घेतलं, बाहेर गेलीय म्हटल्यावर 'बरं' म्हणाली. ते टिपण वाचल्यावर पुढच्या बुधवारी मी बिनघोर बाहेर पडू शकले. नातेवाईक सगळे म्हणत, "काही लागलं तर सांग." चांगल्या मनानेच म्हणत. पण काय लागतंय ते ठरवून, कुणाला तरी फोन करून सांगणं हेही एक कामच होतं आणि तेवढं त्राण माझ्यात नव्हतं. बुधवार, तीन ते पाच. असं नेमकं फक्त काकूंनी सांगितलं.

निवृत्त सिस्टर

आयुष्य याच वॉर्डात गेलं, आता स्वयंसेवक म्हणून जाते. नातेवाईक घाबरतात त्या तीन गोष्टी सांगते. स्वयंसेवकांनी समजून घ्याव्यात, समजावायला मात्र सिस्टरलाच बोलवावं.

खाणं. "उपाशी मारताय का?" हा प्रश्न येतोच. शेवटच्या दिवसांत शरीर अन्न मागत नाही. बळजबरीने भरवलं तर ठसका लागतो, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, उलटी होते. माणूस खात नाही म्हणून जात नसतो, जायला लागलाय म्हणून खात नसतो. मुलाला हे पटत नाही आणि त्याच्या हाताला काहीतरी काम हवं असतं. मग त्याच्या हाती ओला स्पंज द्यायचा: ओठ, हिरड्या, जीभ हळू ओली करायची, ओठांना मलम. तोंड कोरडं पडण्याचा त्रास खरा असतो आणि तो एवढ्याने कमी होतो.

मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनांवरचं औषध. "व्यसन लागेल", "म्हणजे आता संपलं". दोन्ही भीती चुकीच्या. दुखणं बघून मात्रा बसवतात, कित्येक जण ते घेऊन कितीतरी महिने हिंडतात-फिरतात. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतं, म्हणून सोबत पोट साफ व्हायचं औषध असतं. ते 'फालतू' म्हणून बंद करणारे नातेवाईक पाहिलेत. दिसलं तर सिस्टरला सांगा. औषधाला स्वतः हात लावायचा नाही, कुणी कितीही गळ घातली तरी.

घशातली घरघर. गिळता न आलेला स्राव घशात साचून तो आवाज येतो. ऐकणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं, पण रुग्ण तेव्हा बहुधा शुद्धीत नसतो. कुशीवर वळवलं की बरेचदा आवाज कमी होतो.

सोडून दिलेला

कुणीतरी हेही लिहायला हवं. मला नाही जमलं. मृत्यूचं भय वगैरे नव्हतं. मला वास सहन होत नव्हता. कॅन्सरच्या उघड्या जखमेला जो वास येतो त्याबद्दल कुणी आधी बोलत नाही. समन्वयक बाईंना तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, गाडी चालवता येते का? आता उसनवारीच्या व्हीलचेअर, पाण्याच्या गाद्या घरोघर पोचवतो, परत आणतो. परत आणायला जाणं हे वेगळंच काम आहे. माणूस जाऊन आठवडा झालेला असतो, घरच्यांना ती खाट डोळ्यांसमोर नको असते आणि जायलाही नको असते. दहा मिनिटांचं काम, तास लागतो. घाई केली नाही म्हणजे झालं.

आणि हे दुय्यम काम आहे असं कुणी समजू नये. अमेरिकेत मेडिकेअरच्या (तिथला सरकारी आरोग्यविमा) नियमानुसार पगारी माणसं रुग्णसेवेला जितके तास देतात, त्याच्या निदान ५ टक्क्यांइतके तास हॉस्पिसने स्वयंसेवकांकडून मिळवायचे असतात. त्यात कार्यालयातलं काम धरतात.

धागाकर्ती

वासाचं लिहिलंत ते फार बरं केलंत. प्रशिक्षणात घेते.

जुनी विद्यार्थिनी

वर मॉर्फिनचा विषय निघालाय म्हणून. आधुनिक हॉस्पिसचा पाया घालणाऱ्या सिसिली साँडर्स याही एकेकाळी स्वयंसेवकच होत्या. आधी नर्स, मग पाठीच्या दुखण्यामुळे रुग्णालयातल्या समाजसेविका. १९४८ साली त्यांचा एक रुग्ण गेला, मागे ५०० पौंड ठेवून, 'तुमच्या वास्तूत मी खिडकी होईन' असं सांगून. त्यानंतर त्या लंडनमधल्या सेंट ल्यूक्समध्ये संध्याकाळी स्वयंसेवक म्हणून जाऊ लागल्या. तिथे त्यांनी पाहिलं की मॉर्फिन रुग्ण कळवळून मागेपर्यंत थांबत नाहीत, ठरल्या वेळी, दुखणं उलटायच्या आत देतात. पुढे डॉक्टर झाल्या, १९६७ मध्ये ती वास्तू, म्हणजे त्यांचं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, उभी राहिली. संध्याकाळच्या पाळीत खाटेजवळ बसून काय दिसू शकतं बघा.

मुलांच्या विभागात

आमच्याकडे आजारी मुलापेक्षा त्याचं भावंड माझ्या वाट्याला जास्त येतं. सगळं घर एका खाटेभोवती, आणि हे सहा-सात वर्षांचं पोर कॉरिडॉरमध्ये. एका ताईने (वय वर्षे सात) मला विचारलं, "मी त्याला ढकललं होतं म्हणून त्याला झालं का?" खेळता खेळता, माझ्याकडे न बघता. असे प्रश्न आईला विचारत नाहीत. मी म्हटलं, नाही, ढकलल्याने हा आजार होत नाही. मग आईला हे सांगू का असं तिलाच विचारलं आणि तिच्या परवानगीने सांगितलं.

नाव नको

मला छळणारा प्रश्न: "त्यांना काही माहीत नाही, सांगू नका हं." दाराबाहेर मुलगा असं म्हणतो आणि आत गेल्यावर वडील म्हणतात, "मुलाला वाटतं मला माहीत नाही. राहू दे, त्याला त्रास होईल." दोघांचं गुपित माझ्याकडे. तुम्ही काय करता?

निवृत्त सिस्टर

कुणाचंही कुणाला सांगायचं नाही. वडिलांना एवढं विचारायचं: "तुम्हीच बोलाल का त्याच्याशी? मी सिस्टरना इथे बसायला सांगू का?" नाही म्हणाले तर नाही. टीमला मात्र कळवायचं. खोटंही बोलायचं नाही. "मी बरा होईन ना?" असं विचारलं तर "तुम्हाला काय वाटतंय?" हा प्रश्न पळवाट वाटतो, पण त्यानंतर गप्प राहता आलं तर तो माणूस बोलतो.

रात्रीची पाळी

रात्री बसणाऱ्याला हे कधीतरी बघावं लागणारच म्हणून लिहिते. मुलगा तीन रात्री आईपाशी बसलेला. पहाटे तोंड धुवायला गेला. तेवढ्यात तिचा श्वास लांबला, एक, मग बराच वेळ काही नाही, मग एक, मग नाही. मी बेल दाबली. तो धावत आला, केस ओले. म्हणाला, "पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं."

आमच्या वॉर्डात हे नेहमी घडतं. इतकं, की काही माणसं एकटं असतानाच जाणं पसंत करतात असं बऱ्याच सिस्टर मानतात. मलाही तसंच वाटतं, पण ते त्याला त्या क्षणी सांगून काय उपयोग? त्याने विचारलं, "त्रास झाला का?" मी जे पाहिलं ते सांगितलं. चेहरा तसाच होता, हात आखडला नाही, माझा हात तिच्या हातावर होता. त्याने ते दोनदा सांगायला लावलं. महिनाभराने संस्थेच्या शोक-आधार गटात आला तेव्हा परत विचारलं, परत सांगितलं. दर वेळी तेच, तेवढंच. काही वाढवून सांगायचं नाही, कारण त्याला शब्दन् शब्द पाठ झालेला असतो.

वाचनमात्र

सगळं वाचलं. माझे बाबा चार महिन्यांपूर्वी हॉस्पिसमध्ये गेले. तिथल्या लोकांचे उपकार फेडायचे म्हणून मलाही यायचंय. येऊ का?

धागाकर्ती

या, पण खाटेजवळ लगेच नको. जवळचं माणूस गेल्यावर साधारण वर्षभर थांबा असं बऱ्याच संस्था सांगतात, आम्हीही सांगतो. दुसऱ्याच्या बाबांजवळ बसून आपले बाबा आठवत राहिले तर दोघांचंही नुकसान. उपकारांची फेड वगैरे मुलाखतीत बोलू, तो प्रश्न आम्ही विचारतोच. तोवर शोक-आधार गटात या, स्वतःसाठी. आणि हात रिकामे नको असतील तर फोनवर बसायला शुक्रवारी दुपारी कुणी नाहीये.