डायलिसिसवरच्या बाबांना छातीत आयसीडी बसवायचं का?

सोलापूरची_लेक:
बाबा ६३ वर्षांचे, ४ वर्षं डायलिसिस चालू, मंगळ-गुरु-शनि. मागच्या महिन्यात डायलिसिस चालू असतानाच डोळे फिरवले, बीपी एकदम गेलं, मग टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर हृदयाचं पंपिंग ३० टक्के निघालं. हार्टचे डॉक्टर म्हणतात आयसीडी बसवा, म्हणजे छातीत बसवायचं छोटं मशीन, ठोके बिघडले तर शॉक देऊन जागेवर आणतं, किडनीचे म्हणतात घाई नको. फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) डाव्या हातात आहे, बाबा रोज उठल्या उठल्या हात कानाशी नेऊन त्याची घरघर ऐकतात, आणि आयसीडीही डावीकडेच बसवणार म्हणे. कोणाचं ऐकायचं?

टेक्निशियन_दादा:
ताई, डावीकडे बसवत असतील तर आधी थांबवा. आयसीडीची वायर खांद्याजवळच्या मोठ्या शिरेतून हृदयात जाते आणि फिस्टुलाचं रक्तही त्याच वाटेने परत जातं. शीर अरुंद झाली की रक्त तुंबतं, डायलिसिस मशीनवर व्हीनस प्रेशर (रक्त परत शिरेत जाताना लागणारा दाब) चढायला लागतं, सुई काढल्यावर रक्त थांबता थांबत नाही. आमच्याकडे एका मावशींचा हात इतका सुजला की बांगड्या कापून काढाव्या लागल्या. उजवीकडे मानेत कधी डायलिसिससाठी कॅथेटर (शिरेत घालायची नळी) टाकला होता का?

कोल्हापूरचा_संजू:
माझ्या आईच्या वेळी आम्ही यातून गेलोय. कातडीखालचा आयसीडी मिळतो, मशीन डाव्या काखेखाली आणि वायर छातीच्या मधल्या हाडालगत, शिरेत काहीच जात नाही, त्यामुळे शीर वाचते आणि रक्तात इन्फेक्शन जायची भीतीही कमी. पण ठोके फार हळू पडत असतील तर त्याला नेहमीच्या पेसमेकरसारखं काम जमत नाही हे विचारून घ्या. नेदरलँड्समध्ये डायलिसिसच्या १८८ पेशंटवर अभ्यास झाला, २०१९ ला छापून आला, त्यात आधीच आयसीडी बसवून अचानक मृत्यू कमी झाले नाहीत, पण त्या लोकांचं पंपिंग ३५ किंवा वर होतं, बाबांचं ३० आहे, म्हणून त्यावरून एकदम नको म्हणू नका. आणि इको कधी केला? अंगात पाणी साचलेलं असताना केला असेल तर आकडा फसवा येऊ शकतो, डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, वजन ड्राय वेटला (जास्तीचं पाणी काढल्यावरच्या वजनाला) आलेलं असताना परत करा.

सोलापूरची_लेक:
इको सोमवारी केला होता, म्हणजे शनिवारनंतर दोन दिवसांनी, पाय तेव्हा सुजलेलेच होते. आणि हो, सुरुवातीचे ३ महिने उजव्या मानेत कॅथेटर होता, हे हार्टच्या डॉक्टरांना कुणी सांगितलंच नाही!

टेक्निशियन_दादा:
मग उजवीकडची शीरही अरुंद झालेली असू शकते, आधी दोन्ही बाजूंचा व्हेनोग्राम (शिरेत रंगद्रव्य सोडून काढलेला एक्स-रे) मागा. पण त्या दिवशी नुसतं बीपी पडलं की ठोके बिघडले? ईसीजी काढला असेल तर ती पट्टी शोधा, आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा, निरोप तुम्ही पोचवत बसू नका.