अनोळखी माणसाची वेलांटी सुधारायला लोक एवढे का धावतात?

वडीवाली (प्रश्न)

कोणीतरी 'कोथिंबीरीची वडी' अशी कृती टाकतं. बेसन किती, वाफ किती मिनिटं, तळताना तेल केवढं तापलेलं हवं, सगळं नीट दिलेलं असतं. खाली पहिला प्रतिसाद: "कोथिंबिरीची!" दुसरा: "आधी मराठी शिका, मग वड्या थापा." वडीबद्दल चकार शब्द नाही. निधनाच्या बातमीखालीही तेच, 'श्रध्दांजली' नव्हे, 'श्रद्धांजली'. ओळख ना पाळख, घरात माणूस गेलाय, आणि यांना जोडाक्षर दिसतं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ही खाज नक्की कशाची? आणि गट चालवणाऱ्याने यातली कुठली दुरुस्ती राहू द्यावी, कुठली काढावी? 'भाषेवरचं प्रेम' हे उत्तर कृपया नको. प्रेमाने बोलणारा माणूस असा खेकसत नाही.

खिळेजुळारी

पहिलं कारण अगदी साधं आहे. बेसन जास्त झालंय का, हे सांगायला वडी करून पाहावी लागते. वेलांटी सांगायला नुसते डोळे पुरतात. ज्याला विषयातलं काही सांगायचं नाही पण बोलायचं तर आहे, त्याला ही आयती जागा सापडते.

दुसरं कारण खास मराठीचं. आपल्या बोलण्यात 'बि' आणि 'बी' यांतला फरक धड ऐकूच येत नाही. लिहिताना मात्र तो पाळायचा असतो, म्हणजे कान उपयोगाचा नाही, नियम पाठ हवा. शाळेत त्यासाठी गुण कापले गेलेले असतात, वहीवर लाल शाई सांडलेली असते. इतक्या कष्टाने कमावलेली वस्तू दुसरा माणूस न कमावताच फिरतोय, आणि लोक त्याच्या वडीला वाहवा म्हणताहेत, हे झोंबतं. 'शुद्ध' हा शब्दही आगीत तेल ओततो. शुद्ध म्हटलं की समोरचा आपोआप अशुद्ध ठरतो, आणि त्याला सोवळंओवळं चिकटतं. 'प्रमाणलेखन' म्हटलं तर निम्मा आवेश तिथेच ओसरेल.

आणि हे नियम काही दगडावर कोरलेले नाहीत. आज आपण पाळतो त्यांतले १४ नियम मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली आणले, १९७२ साली त्यांत आणखी ४ घातले. त्याआधी 'कांहीं', 'नाहीं', 'घरें' असे न उच्चारलेले अनुस्वार देणं हेच शुद्ध होतं आणि 'कवि', 'मति' ऱ्हस्व लिहिणं बरोबर होतं. एका पिढीने मार खाऊन शिकलेलं पुढच्या पिढीत चूक ठरलं.

सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यांच्या चुका. त्या ठरावीक असतात, कारण अर्धा नियम आठवतो:

'दीपावली' दीर्घ, म्हणून 'दिवाळी' लिहिणाऱ्याला 'दीवाळी' शिकवतात. दीपावली संस्कृतातून जशीच्या तशी आलेली, म्हणून तिचा 'दी' टिकतो. दिवाळी मराठीत घडलेली. तिचं शेवटचं अक्षर दीर्घ, त्यामुळे आधीचा 'दि' ऱ्हस्व.

'महत्त्व'मध्ये दोन त, कारण महत् अधिक त्व. हे कळलं की उत्साहाच्या भरात 'नेतृत्त्व' लिहायला सांगतात. नेतृ या शब्दात शेवटी त् नाहीच, तिथे एकच त. 'व्यक्तिमत्त्व'मध्ये मात्र दोन.

'कोट्यवधी' बरोबर. 'लक्षावधी'च्या चालीवर त्याचं 'कोट्यावधी' करतात. कोटि अधिक अवधि, यात आ येणार कुठून?

'मंत्रिमंडळ' पाहून 'त्रि दीर्घ हवा' असं ठणकावतात. सुटा शब्द मंत्री, पण समासात मंत्रि. विद्यार्थिमंडळ, प्राणिसंग्रहालय तसंच.

काळा_कळफलक

वरच्या उत्तरात एक भाग सुटलाय. महाजालावर दिसणाऱ्या बऱ्याच 'चुका' माणसाच्या नसतात, कळफलकाच्या असतात.

रोमन अक्षरांतून मराठी लिहिणारे न आणि ण दोन्हींसाठी 'एन' दाबतात, ल आणि ळ दोन्हींसाठी 'एल'. पुढे यादीत जो शब्द वर येईल तो घाईत उचलला जातो. परदेशात राहणाऱ्यांच्या लिखाणात हे जास्त दिसतं, कारण त्यांच्यापैकी अनेकांची बोटं रोमनलाच सरावलेली असतात. त्यावर 'ण म्हणता येत नाही का' असं विचारणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

त्याहून वाईट गोष्ट दुसऱ्या, तिसऱ्या, दऱ्या यांतल्या ऱ्य ची. तो दोन वाटांनी लिहिता येतो. एक: पायाखाली ठिपका असलेला ऱ, मग हलन्त, मग य. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, या ऱ ला ०९३१ ही स्वतःची जागा आहे. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळफलकावर शिफ्ट धरून 'जे' दाबला की येतो. दोन: साधा र, हलन्त, आणि मध्ये एक न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण हा अदृश्य जोडक एका ॲपमधून दुसऱ्यात मजकूर चिकटवताना कधीकधी गळून पडतो. मग लेखकाने बरोबर लिहिलेलं 'दऱ्या' वाचकाला 'दर्या' दिसतं, डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. 'आचाऱ्यांना मानधन' याचं 'आचार्यांना मानधन' होतं, म्हणजे स्वयंपाक्याचे पैसे गुरुजींकडे. इथे अर्थच बदलतो, तेव्हा सांगायलाच हवं, पण 'तुमच्याकडून ऱ नीट उमटला नाही' असं. 'र्य आणि ऱ्य मधला फरक कळतो का?' असं नव्हे.

'ॲप'मधल्या ॲ चंही तेच. अ वर चंद्र चढवून केलेला आणि स्वतंत्र ॲ, दोन्ही बहुतेक फोनवर एकच दिसतात, जुन्या फॉन्टवर मात्र पहिल्यात मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ येतं. ते पाहून कोणी 'काय लिहिलंय हे' म्हणालं तर त्याने आधी आपला फोन बघावा.

बोलीभान

लोक तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात कोंबतात.

एक, लेखननियम: ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, जोडाक्षरं. दोन, वाक्यरचना: 'मी त्याची मदत केली' हे हिंदी वळण, मराठीत 'त्याला मदत केली'. तीन, बोली: 'कोन आलं', 'पानी दे', विदर्भातलं 'मी जेवण करून राहिलो', 'दुकानात साखर भेटली नाही'.

पहिल्या दोहोंबद्दल बोलता येतं. तिसरी चूकच नाही. 'करून राहिलो' हा विदर्भात चालू वर्तमानकाळ आहे, पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या रीतीने वापरला जाणारा. तो सुधारायला जाणारा माणूस व्याकरण शिकवत नसतो. 'तू कुठला, कोणाच्या घरचा' हे तो दाखवून देत असतो. न आणि ण वरून होणारी चेष्टा बहुतेक वेळा जातीच्या आणि गावच्या दिशेने जाते, हे सगळ्यांना कळतं, बोलत कोणी नाही. वडीवाली, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझ्या मते खरं उत्तर हेच. दुरुस्ती ही पुष्कळदा रांगेत आपली जागा दाखवण्याची खूण असते.

स्वभावाचाही भाग आहे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या ज्युली बोलँड आणि रॉबिन क्वीन यांनी २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ८३ जणांना खोलीत भागीदार हवा या जाहिरातीला आलेले ईमेल वाचायला दिले. काहींत टंकनचुका होत्या, काहींत सारख्या उच्चाराच्या इंग्रजी शब्दांची गल्लत. जुळवून घेण्याचा स्वभाव ज्यांचा कमी, त्यांनी अशी गल्लत करणाऱ्याला जास्त नावं ठेवली. बहिर्मुख माणसं सैल सोडणारी निघाली. वय आणि शिक्षण यांनी फारसा फरक पडला नाही. मात्र यावरून 'दुरुस्ती करणारे सगळे भांडकुदळ' असं म्हणू नका. अभ्यास इंग्रजीचा होता, माणसं थोडी होती, आणि मनात मत बनवणं वेगळं, चारचौघांत टोकणं वेगळं. टोकण्याचं मोजमाप त्यात नाही.

फळा_खडू

बोलीबद्दल मान्य. बाकी सगळं 'जाऊ द्या' म्हणून सोडायला मी तयार नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं आता पुस्तकापेक्षा फोनवर जास्त मराठी वाचतात. 'परिक्षा', 'आशिर्वाद', 'जेष्ठ' शंभर वेळा वाचलं की तेच हाताला बसतं. कोणी सांगितलंच नाही तर परीक्षक सांगेल, गुण कापून. दुकानाची पाटी, लग्नपत्रिका, शाळेचं परिपत्रक, औषधाच्या सूचना इथे तर बिनदिक्कत सांगावं. पाटी एकदा रंगवली की दहा वर्षं तशीच लटकते.

वडीवाली

फळा_खडू, पत्रिका छापायच्या आधी सांगणं आणि वडीखाली ओरडणं यांत फरक आहेच की. पण 'ऱ' ची भानगड माहीत नव्हती. आता मला गटाच्या वर चिकटवायला नियम द्या, थोडक्यात.

खिळेजुळारी

हे घ्या, भाषा तुमची करा.

दुरुस्ती सांगण्याआधी तो शब्द कोशात पाहा. शोधयंत्रात किती ठिकाणी सापडला, हा पुरावा नाही. 'शुभेच्छ्या'सुद्धा भरपूर सापडतो. अर्थ बदलत असेल तर सर्वांसमोर सांगा: नाव, तारीख, प्रमाण, औषध, पत्ता. नाहीतर खाजगी संदेश. एका वेळी एकच शब्द, सोबत कारण एका ओळीत, संपलं. निधन, आजारपण, मदतीचं आवाहन यांखाली कुठलीही भाषिक दुरुस्ती दिसली की काढून टाका, ती बरोबर असली तरी. बोलीवरचा शेरा तर बिनचौकशी काढा.

लिहिणाऱ्याला बदल करता येणार आहे का, तेही पाहा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश १५ मिनिटांपर्यंतच बदलता येतो. तासाभराने केलेली दुरुस्ती मजकुराच्या काहीच कामाची नाही, ती फक्त माणसाच्या कपाळावर चिकटते. फेसबुकवर मजकूर नंतरही बदलता येतो, चित्रातली अक्षरं मात्र नाही. म्हणून शुभेच्छाफलकाचं चित्र फिरायला लागल्यावर बोलू नका, बनवणाऱ्याला पुढच्या वर्षीसाठी कळवा.

आणि 'कोथिंबीर वडी' असं सुटं लिहिलं तर त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. प्रत्यय लागला की 'बी' चा 'बि' होतो: कोथिंबिरीची, कोथिंबिरीला.

वडीवाली

मग 'फूलाची' चूक, 'फुलाची' बरोबर, पण 'गीताची' तसंच कसं राहतं? उद्या कोणीतरी 'गिताची' करायला सांगेल.

खिळेजुळारी

सांगतातच. गीत संस्कृतातून तसंच आलंय, म्हणून प्रत्यय लागला तरी दीर्घ राहतं: गीताची, रूपाची, शरीरात. फूल, दूध, मूल, बहीण हे मराठीत घडलेले: फुलाची, दुधात, मुलाला, बहिणीला. फारसी-अरबीतून येऊन रुळलेलेही याच वाटेने जातात: वकिलाला, गरिबाचा, जमिनीवर. सोलापूर लिहिताना दीर्घ, सोलापुरात ऱ्हस्व. इंग्रजी शब्दांना वर्तमानपत्रं सहसा हात लावत नाहीत, टीमला, स्क्रीनवर असंच छापतात. 'टिमला' कोणी लिहिलं तर सोडून द्या.