लेक फोर्कला बास फिशिंग: मित्र म्हणतो पकडून सोडायचं, मग घरी काय नेऊ?

वेंगुर्लेकर
मंडळी नमस्कार. डॅलसजवळ प्लेनोला असतो. ऑफिसातला एक मित्र, अस्सल टेक्सन, कधीपासून मागे लागलाय की चल एकदा बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) पकडायला, आणि आता मार्चच्या शेवटच्या शनिवारी पूर्व टेक्सासातल्या लेक फोर्क तळ्यावर जायचं ठरलंय. बोट त्याची, पहाटे चारला मला घरून उचलणार. गरवणं मला नवीन नाही, लहानपणी खाडीवर कोळंबीचा तुकडा लावून तासनतास बसायचो, पण ते बांबूची काठी नि नायलॉनचा दोरा, इथले रॉड, रील, रबरी किडे वगैरे प्रकरणात मी अगदीच कोरा आहे.

तर एक, लायसन्स कुठलं काढू? दोन, सोबत काय न्यायचं, सगळं सामान त्याचंच वापरायला बरं दिसेल का? आणि तिसरं म्हणजे खरा प्रश्न, हा बाबा म्हणतो आम्ही बास खात नाही, फोटो काढतो आणि परत पाण्यात सोडतो. अहो मग पहाटे चारला उठायचं कशाला?? बायको आत्तापासून विचारतेय वाटण करून ठेवू का. एखादा मासा घरी नेतो म्हटलं तर त्याला राग येईल का?

पाणकोंबडा
वेंगुर्लेकर, नशीबवान आहात, लोक लांबून लांबून गाईड ठरवून फोर्कला येतात आणि तुम्हाला घरून पिकअप 😀

लायसन्स सोपं आहे. टेक्सासात सलग सहा महिने राहिला असाल तर तुम्ही रेसिडेंट. एकच दिवस जायचं असेल तर वन-डे लायसन्स 11 डॉलर, फ्रेशवॉटर पॅकेज, म्हणजे गोड्या पाण्याचं मोठ्या मुदतीचं लायसन्स, 30 डॉलर. फक्त एक बघा, ते पॅकेज घेतल्यापासून वर्षभर चालत नाही, 31 ऑगस्टला संपतं, मग मार्चमध्ये घेतलं काय नि जुलैत घेतलं काय. तरी मी म्हणेन पॅकेजच घ्या, एकदा गेलात की परत जाणार. फोनवर काढता येतं, आदल्या रात्रीच काढून ठेवा.

आता सोडायचं का ते. आपल्याकडे पावसाळ्यात यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै बंदी असते ना, तशी बंदी टेक्सासात बासला नाही, अंडी घालायच्या दिवसांतसुद्धा मासेमारी चालू. त्याऐवजी मापाचा नियम. फोर्कवर 16 ते 24 इंचांच्या मधला लार्जमाउथ बास (तुमचा मित्र पकडतो तोच) सापडला की लगेच सोडायचा, ठेवलात तर दंड. 16 किंवा त्याहून लहान ठेवता येतो, 24 किंवा त्याहून मोठा दिवसाला एकच, आणि सगळे मिळून पाच. माप घेताना तोंड मिटवून, शेपटी चिमटीत धरून, पट्टीवर आडवा ठेवून घ्यायचं. मधला गाळा राखलाय कारण त्यात अंडी घालणाऱ्या चांगल्या माद्या असतात, त्या वाढू द्यायच्या. तळं भरायला लागलं 1980 मध्ये, फ्लोरिडा जातीचे बास मुद्दाम आणून सोडलेत, म्हणून तिथे माशाचा आकार असा होतो. राज्याचा रेकॉर्ड फोर्कचाच, जानेवारी 1992, 18.18 पाउंड म्हणजे सव्वाआठ किलो, आणि गंमत म्हणजे तो बाबा बास पकडायला गेलाच नव्हता, छोटा मासा आमिषाला लावून क्रॅपी नावाचा दुसराच, लहान मासा पकडत होता!

आणि मार्चअखेर म्हणजे ऐन हंगाम. पाणी साधारण 60 ते 70 फॅरनहाइट झालं की नर काठाजवळ उथळ पाण्यात शेपटीने तळ झाडून ताटाएवढी गोल जागा साफ करतो, मादी येऊन अंडी घालून निघून जाते, मग अंडी आणि पिल्लं सांभाळत नरच बसतो. तुम्ही गावाकडे मरळीची तांबूस पिल्लं घोळक्याने वर येताना पाहिली असतील, खाली आईबाप टपून असतात, इथे ते काम एकट्या बापाचं. त्या जागेवर तुमचा रबरी किडा पडला की तो भूक लागली म्हणून नाही, घरात शिरला म्हणून चावतो. त्याला उचलून तुम्ही पाच मिनिटं फोटो काढत बसलात तर तेवढ्यात ब्लूगिल नावाचे छोटे मासे येऊन अंडी साफ करतात. म्हणून नर पकडलाच तर तिथल्या तिथे, लगेच सोडायचा. तुमच्या मित्राचं हे म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

सामान त्याचंच वापरा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, उलट नवशिक्या माणसाने स्वतःचा बेटकास्टर (फिरत्या स्पूलचं रील) आणला की पहिल्याच फेकीत दोऱ्याचा गुंता होतो आणि मित्राची सकाळ तो सोडवण्यात जाते. स्पिनिंग रील मागा. बहुतेक तो तुम्हाला सेन्को देईल, बोटाएवढा मऊ रबरी किडा, हूक मधोमध अडकवलेला. फेकायचा आणि काहीही करायचं नाही. खरंच काही नाही. तो दोन्ही टोकं थरथरवत आपोआप बुडतो. नजर दोऱ्यावर ठेवा, जिथे दोरा पाण्यात शिरतो तिथे. ढिला पडलेला दोरा टुक्कन उडाला किंवा आडवा सरकायला लागला की ढील गुंडाळून घ्या आणि मग झटका. खाडीतल्यासारखा हाताला ओढा लागायची वाट बघत बसलात तर तोवर त्याने थुंकलेला असतो.

मिशिगनवाली
माझंही थोडं, कारण नियम राज्याराज्यात एकदम वेगळे आहेत आणि टेक्सासचं वाचून कुणी इकडे तसंच करायला जाईल. आमच्याकडे मिशिगनमध्ये बास पकडून लगेच सोडायला वर्षभर परवानगी, पण घरी न्यायला मेमोरियल डेच्या (मेचा शेवटचा सोमवार) आधीचा शनिवार उजाडावा लागतो, आणि लेक सेंट क्लेअरला तर जूनचा तिसरा शनिवार. माप किमान 14 इंच.

बाकी मासा धरण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. खालच्या ओठात अंगठा घालून धरतात, दात सँडपेपरसारखे बारीक असतात, घाबरू नका. पण मोठा मासा नुसत्या जबड्याने आडवा धरायचा नाही, सगळं वजन जबड्यावर येतं, दुसरा हात पोटाखाली द्या. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. आमच्या ग्रुपमधले पुरुष मासा हातात आला की आधी फोन शोधायला लागतात, मासा बिचारा तोंड वासून. फोन आधी बाहेर काढून ठेवा!!

वरणभात
मी शाकाहारी, तरी सगळं वाचलं. पकडून सोडायचं म्हणजे माशाला उगीच टोचून परत पाठवायचं, हे मला खाण्यापेक्षा जास्त विचित्र वाटतं. रागावू नका, मनात आलं ते लिहिलं.

पाणकोंबडा
@वरणभात, प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. सोडलेले सगळे मासे जगतात असंही नाही, हूक गळ्यात खोल गेला किंवा उन्हाळ्यात पाणी तापलेलं असलं की मरतात बरेच. मी हुकाचा काटा पक्कडीने दाबून टाकतो, पटकन सुटतो. त्यापुढे ज्याची त्याची बुद्धी.

चिंचेचा_कोळ
अहो पण मूळ प्रश्नाचं काय, वाटण करायचं की नाही 😂

वेंगुर्लेकर, मी डॅलसचीच. बास खाण्यासारखा आहे, पांढरं घट्ट मांस, चव सौम्य. पण मोठा बास कधी खाऊ नये, मोठ्या शिकारी माशात पारा साठतो, पूर्व टेक्सासातल्या काही तळ्यांना, उदाहरणार्थ कॅडो लेकला, त्यासाठी बास कमी खा अशी सरकारी सूचना आहे. फोर्कवर 16 इंचांखालचे एकदोन घेतलेत तर तळ्याचं नुकसान नाही, उलट स्लॉटचा, म्हणजे त्या राखलेल्या मधल्या गाळ्याचा, हिशोबच असा आहे की लहान मासे लोकांनी थोडे न्यावेत म्हणजे उरलेल्यांना खायला मिळून ते वाढतील. आता तिथे लहानसुद्धा कुणी नेत नाही, सगळ्यांना फोटोच हवा.

तरी मित्राकडे बासचा विषय काढूच नका. त्याला सरळ विचारा, दुपारी तासभर क्रॅपी करूया का? बास सोडणारे बरेच टेक्सन क्रॅपी मात्र कॉर्नमील लावून तळून खातात, एकदम खूश होईल. क्रॅपी तिखट-हळद-कोकमाचं आगळ लावून रव्यात तळा, आमच्याकडे पापलेट आणायचं बंद झालंय. कालवण करायचं असेल तर कॅटफिश, तिरफळं घालून, पण कातडी सोलून घ्या नाहीतर चिखलाचा वास राहतो.

आणि एक महत्त्वाचं, बोटीवर केळी नेऊ नका! बऱ्याच कोळ्यांची, म्हणजे इथल्या गोऱ्या कोळ्यांची, पक्की समजूत की केळं बोटीवर आलं की मासा लागत नाही. आमच्या ह्यांनी एकदा केळ्याचे वेफर्स काढले तर बोटमालकाने पाकीट काठावर ठेवून यायला लावलं होतं.

वेंगुर्लेकर
सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. गाबोळीच्या मोसमात आमच्याकडे भरलेली मादी मिळाली की घरात सण, आणि इथे नेमकी तीच सोडायची, मनाला समजवायला वेळ लागेल. पण त्या बापाचं वाचून बासचा नाद सोडला. आज जेवताना मित्राला क्रॅपीचं विचारलं, म्हणाला पुलाखाली एक जागा माहितीय, छोटे मासे आमिषाला तोच घेणार. आता पेट्रोल आणि बोट पाण्यात उतरवायच्या रॅम्पचे पैसे मी देतो म्हटलं तर घेईना, काय करू?

पाणकोंबडा
पैसे देऊ नका, परत येताना वाटेत पंपावर उतरून गुपचूप बोटीच्या गाडीत पेट्रोल भरा. आणि खायचं तुम्ही न्या, दशम्या-चटणी, उकडलेली अंडी, असं हाताला तेल न लागणारं. बोट धुवायला थांबा, तेवढं टाळलं की पुढचं बोलावणं येत नाही.

वाऱ्याचं मात्र नक्की बघा. मार्चमध्ये दक्षिणेचा वारा सुटला की तळ्याच्या मध्यावर पांढऱ्या लाटा उठतात, आणि फोर्कच्या पाण्यात जुन्या झाडांचे बुंधे अजून उभे आहेत, लाटेत दिसत नाहीत. लाइफ जॅकेट नुसतं बोटीत ठेवू नका, घाला. वादळाचा इशारा असेल तर मित्र कितीही म्हणाला तरी रविवारी जा.

चिंचेचा_कोळ
वाटण करून ठेवा. क्रॅपी नाही लागली तर इंडियन स्टोअरमधला फ्रोझन बांगडा आहेच.