वर्धापनदिनाला सत्कार नक्की कोणाचा करायचा? यादी माझ्या गळ्यात पडलीये

वॉर्डातली_वेणू

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाईत हवाय. आमची ड वर्ग (म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गातली) महापालिका, नाव नको लिहायला. पुढच्या महिन्यात वर्धापनदिन आहे आणि यंदा वरून असं ठरलंय की नुसता ऑर्केस्ट्रा न ठेवता शहरासाठी राबणाऱ्यांचा सत्कार करायचा, म्हणजे पालिकेचे कर्मचारी पण आणि सुरक्षेसाठी स्वतःहून धावणारे नागरिक पण. प्रत्येक प्रभागाकडून नावं मागवलीत. आमच्या नागरिक समितीत टायपिंग येणारी मीच, त्यामुळे यादी करायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

ग्रुपवर नावं मागवली तर जे यायचं तेच आलं. एका माजी नगरसेवकांनी स्वतःचंच नाव पाठवलं, सोबत बॅनरचा फोटो. एकांनी मेहुण्याचं. ऑफिसातून आली ती यादी म्हणजे याच वर्षी रिटायर होणारे सगळे, आणि साहेबांचा ड्रायव्हर.

मागच्या सत्काराला मी हजर होते. प्रमाणपत्रं छापील होती, 'श्री / श्रीमती' पुढे टिंबटिंब आणि त्यावर बॉलपेनने नाव. खाली सगळ्यांना एकच ओळ, 'उत्कृष्ट सेवेबद्दल'. कसली सेवा ते कोणी वाचूनही दाखवलं नाही. आमच्या गल्लीतल्या झाडूवाल्या मावशींचं आडनाव चुकलेलं होतं, त्या तशाच हसून शाल घेऊन खाली उतरल्या आणि मग मागे उभं राहून पोरीला म्हणाल्या की हे फ्रेम नको करायला. हे मला यावेळी नकोय.

तर विचारायचंय हे की निवड कशी करावी, कंत्राटी लोकांचं नाव देता येतं का (ऑफिस म्हणतंय ते आमच्या आस्थापनेवर, म्हणजे कायम नोकरांच्या पटावर नाहीत), पोलिसांना यात घ्यायचं का, आणि शाल-श्रीफळ सोडून दुसरं काय देता येईल? अनुभव असलेल्यांनी प्लीज लिहा.

हजेरीशेड_आण्णा

वेणूताई, मी घनकचरा विभागात आयुष्य घालवून रिटायर झालोय त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे असं समजून लिहितो 😀

पहिलं म्हणजे ऑफिसात बसून यादी करू नका. सकाळी सहाला हजेरी शेडवर जा, मुकादम नसताना लोकांशी बोला, आणि 'चांगला कर्मचारी कोण' असं अजिबात विचारू नका. असं विचारलं की सगळे मुकादमाचं नाव घेतात. विचारा की रात्री चेंबर तुंबलं तर फोन कोणाला जातो? नवीन पोरगं कामावर आलं तर त्याला शिकवतं कोण? दोन-तीन शेडवर हेच विचारलंत की तीच तीच नावं यायला लागतील, आणि त्यातलं एकही नाव तुमच्या आत्ताच्या यादीत नसेल, लिहून घ्या.

पाणीपुरवठ्याच्या चावीवाल्यांना विसरू नका. ह्या माणसांना कोणी बघत नाही कारण ते पहाटे रस्त्यात वाकून व्हॉल्व फिरवत असतात, पण कुठल्या गल्लीला किती आटे उघडले की शेवटच्या घरापर्यंत पाणी चढतं हे कुठल्याही नकाशात नाही, ते त्यांच्या डोक्यात आहे. कुठे आग लागली की अग्निशमनच्या गाडीला पाणी भरायला प्रेशर वाढवून देणारा पण हाच. सत्काराच्या स्टेजवर मी आजवर एक चावीवाला बघितला नाही.

कंत्राटीचं म्हणाल तर आस्थापनेवर नाहीत हे खरंय पण ते पगाराचं नि पेन्शनचं झालं. सत्काराला कसली आस्थापना लागते? नागरिकाचा करता तसा त्यांचा पण करा, कोणताही नियम आड येत नाही. ऑफिस अडतं ते वेगळ्याच कारणाने. कंत्राटी माणसाला पालिकेच्या लेटरहेडवर 'इतकी वर्षं आमच्याकडे काम केलं' असं लिहून दिलं की उद्या तो ते कागद घेऊन लेबर कोर्टात उभा राहील ही भीती असते. म्हणून वर्षांचा आकडा टाकायचा हट्ट धरू नका, काम काय केलं ते लिहा, मग सही होते.

आणि एक. ड्रेनेजवाल्यांचा सत्कार 'जीव धोक्यात घालून मॅनहोलमध्ये उतरले' म्हणून करणार असाल तर कृपा करून नका करू. 2013 च्या कायद्याने माणसाला सुरक्षा साधनांशिवाय गटारात उतरवणं हा गुन्हा आहे, आणि 2023 ला सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. म्हणजे तुम्ही स्टेजवरून ज्याला शौर्य म्हणणार तो उतरवणाऱ्या साहेबाचा गुन्हा असतो. उलट जो म्हणाला 'जेटिंग मशीन (पाण्याच्या जोराने गटार साफ करणारं) आल्याशिवाय मी उतरत नाही, कोणाला उतरू देत नाही', त्याला शोधा. असा एक तरी असतोच, आणि बहुतेक त्याला मेमो मिळालेला असतो.

टर्नआऊट

आण्णांच्या शेवटच्या पॅराला सलाम. मी अग्निशमनला आहे, कुठल्या शहरात ते सोडा.

आमच्या लोकांचा सत्कार करायचाच असेल तर वर्धापनदिनाच्या गर्दीत घुसडू नका असं माझं मत. 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो, 20 पर्यंत सप्ताह. 1944 ला याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजावर आग लागली, आत कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरलेला, दलाचे लोक पाण्याचा मारा करत असतानाच स्फोट झाला आणि दलातले 66 जण गेले. दरवर्षी त्यांना मानवंदना देतो आम्ही. त्या दिवशी तुमची समिती फायर स्टेशनला आली, मुलांना घेऊन आली, तर आमच्या पोरांना स्टेजपेक्षा ते जास्त आवडेल.

पण वर्धापनदिनालाच ठरलं असेल तर काही गोष्टी सांगतो. नाइट ड्युटी करून आलेल्या माणसाला फुल युनिफॉर्ममध्ये दोन तास उन्हात बसवून ठेवू नका, पाहुणे उशिरा येणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. एकट्याचं नाव पण घेऊ नका. पेपरात फोटो येतो शिडीवरून बाळाला खाली आणणाऱ्याचा, पण खाली पंप चालवणारा पंप ऑपरेटर चुकला तर वरच्याचं पाणी बंद. सत्कार अख्ख्या पाळीचा करा, ड्रायव्हर आणि कंट्रोल रूमला फोन घेणाऱ्यासकट. फोन घेणाऱ्याने पत्ता नीट विचारून घेतला म्हणून वाचलेले जीव कोणी मोजत नाही.

आणि आता माझं आवडतं दुखणं. आग विझवणाऱ्याला हार मिळतो, आग लागूच न देणाऱ्याला शिव्या. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यात इमारतीच्या मालकाने किंवा सोसायटीने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैला, लायसन्सवाल्या एजन्सीकडून आग विझवायची यंत्रणा तपासून 'फॉर्म बी', म्हणजे ती चालू असल्याचा दाखला, द्यायचा असतो. किती सोसायट्या देतात? जो अधिकारी हे मागत फिरतो, हॉटेलवाल्याला गच्चीवरचं शेड काढायला लावतो, जिन्यातलं सामान हलवायला लावतो, त्याच्याबद्दल आमदारांकडे तक्रारी जातात. तुमच्या प्रभागात अशी एखादी सोसायटी असेल जिने स्वतःहून दरवर्षी मॉक ड्रिल घेतली, रायझरला (मजल्यांवर आगीचं पाणी नेणाऱ्या उभ्या पाइपला) खरंच पाणी आहे का बघितलं, तर सामाजिक सुरक्षेत त्या सेक्रेटरीचं नाव पहिलं टाका. कंटाळवाणा माणूस असेल, भाषण पण ठोकेल, तरी टाका.

2015 च्या मे महिन्यात काळबादेवीच्या आगीत मुंबई दलाचे चार अधिकारी गेले, त्यात खुद्द प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर होते. जुनी लाकडी इमारत, ती कोसळली. तेव्हा सगळं शहर हळहळलं. त्यानंतर जुन्या इमारतीत राहणाऱ्या किती जणांनी आपल्या वायरिंगकडे बघितलं हे मला कोणीतरी सांगा.

उगाच_भोचक

एवढं सगळं कशाला? पगार वेळेवर द्या, गणवेश द्या, झाला सत्कार. शाली वाटून फोटो काढायचे आणि पुढच्या महिन्यात त्याच कंत्राटदाराने पीएफ बुडवला तरी गप्प. नाटकं आहेत सगळी.

हजेरीशेड_आण्णा

भोचकराव, पगार वेळेवर हवाच, त्यासाठी आम्ही संप पण केलेत. पण माझ्या घरी भिंतीवर एकच कागद आहे, पुराच्या वेळी एका सोसायटीने हाताने लिहून दिलेलं पत्र, कोणत्या रात्री काय केलं ते तारखेसकट. पगाराच्या स्लिपा कुठे गेल्या आठवत नाही. दोन्ही लागतं हो माणसाला.

कडेकपारी

नागरिकांच्या बाजूने लिहितो कारण आम्ही ट्रेकर लोक रेस्क्यूला जातो. जुलै 2023 ला इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा रात्रीच्या पावसात वर पोचणाऱ्या पहिल्या लोकांत आसपासच्या गिर्यारोहण संस्थांची पोरं होती, आणि मदतीला चढताना अग्निशमनच्या एका अधिकाऱ्याचा जीव पण गेला. गाडी जातच नव्हती वर. 2018 ला आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली तेव्हा पण दरीत दोर लावून उतरणारे बहुतेक हौशीच होते.

अशा ग्रुपना सत्कारात काय हवं असतं ते विचारा आधी. शाल घेऊन आम्ही करणार काय? हार्नेस, स्टॅटिक रोप, चांगले हेल्मेट, स्ट्रेचर ह्या गोष्टी वर्गणीतून घेतो आणि रोपला एक्स्पायरी असते, चांगला दिसला तरी बाद करावा लागतो. पोरांचा अपघात विमा पालिकेने काढला तर त्याच्यासारखा सत्कार नाही. आणि आयुक्तांच्या सहीचं ओळखपत्र द्या, कारण अर्धा वेळ बंदोबस्तावरच्या हवालदाराला 'आम्ही बघे नाही' हे पटवण्यात जातो.

दुसरं, वेणूताई, तुमच्या वॉर्डात कोणी बुडणाऱ्याला, आगीतून किंवा शॉक लागलेल्याला वाचवलं असेल तर पालिकेच्या सत्कारावर थांबू नका. जीवन रक्षा पदक असतं केंद्राचं, 1961 पासून, तीन प्रकार आहेत, सर्वोत्तम, उत्तम आणि साधं. प्रजासत्ताक दिनाच्या आसपास जाहीर होतात. घटनेपासून दोन वर्षांच्या आत शिफारस जावी लागते आणि इथेच सगळे मार खातात, कारण कोणी कागदच करत नाही. घटनेचा दिनांक, जागा, पोलिसांची नोंद, वाचलेल्याचा किंवा साक्षीदाराचा जबाब, एवढं आजच गोळा करून जिल्हाधिकारी कार्यालयात द्या. फायरमन, पोलीस यांना हे पदक मिळू शकतं पण ड्युटीवर नसताना केलेलं काम असेल तर.

रस्ता अपघाताचं वेगळं आहे. जखमीला पहिल्या तासाभरात दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्राच्या योजनेत 2021 पासून 5 हजार मिळायचे, आता 'राह-वीर' नावाने 25 हजार केलेत. नाव जिल्ह्याची समिती ठरवते, त्यात कलेक्टर आणि पोलीस असतात. तुमच्याकडचे रिक्षावाले बघा, त्यांच्यात नक्की कोणी असेल. घाबरून सांगत नाहीत इतकंच. त्यांना सांगा की मोटार वाहन कायद्यात 134 अ कलम आलंय 2019 च्या दुरुस्तीने, मदत करणाऱ्यावर केस होत नाही आणि नाव सांगायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत.

जुना_भिवंडीकर

पोलिसांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी. पोलीस राज्य सरकारचे, पालिकेचे नाहीत, त्यामुळे पालिकेने त्यांचा सत्कार करायचा तर आधी पोलीस आयुक्तालयाला किंवा एसपी ऑफिसला पत्र देऊन नाव त्यांच्याकडून घ्यावं लागतं. परस्पर घेतलंत तर त्या बिचाऱ्यालाच उत्तरं द्यावी लागतील.

पण नुसतं कोणाला पकडलं हे बघू नका. आमच्या भिवंडीत 1984 ला दंगल झाली, माणसं मेली. मग 1988 च्या सुमारास सुरेश खोपडे डीसीपी म्हणून आले आणि मोहल्ला समित्या सुरू केल्या, गल्लीतली दोन्ही बाजूची साधी माणसं, लूमवाले, टपरीवाले, आणि सोबत त्या बीटचा, म्हणजे त्या भागाचा पोलीस. मीटिंगमध्ये चर्चा कसली, तर नळाची भांडणं, लाऊडस्पीकर, नवरा-बायकोच्या तक्रारी. लोक हसायचे. नंतर डिसेंबर 92 आणि जानेवारी 93 ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईत पण 1994 पासून ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी या पोलीस आयुक्त राहिलेल्या मंडळींनी वगैरे तसंच काम उभं केलं. आता ज्या समित्यांमुळे काहीच घडलं नाही त्यांच्या सत्कारात फोटो कसला लावणार? तरी तुमच्याकडे गणपती आणि ईदच्या मिरवणुका एका आठवड्यात आल्यावर रात्रभर नाक्यावर खुर्ची टाकून बसणारे दोन म्हातारे असतील ना, एक इकडचा एक तिकडचा? त्यांना एकत्र बोलवा.

वॉर्डातली_वेणू

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना थँक्यू. म्हातारे आहेत हो आमच्याकडे, बरोब्बर दोन 😀 त्यातले एक आजारी असतात, घरी जाऊन विचारते.

उद्या सकाळी शेडवर जातेय. प्रमाणपत्र कोरंच मागून घेतलंय, प्रत्येकासाठी चार ओळी मी लिहिणार आणि निवेदकाने त्या वाचायच्याच अशी अट घातलीये. शालीचं बजेट हातमोजे आणि गमबूट यांच्याकडे वळवता येईल का विचारलं, तर स्टोअर म्हणालं की बूट गोदामात पडलेत पण सगळे 9 नंबर, आणि झाडणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका. त्याचं काय करू?

हजेरीशेड_आण्णा

तो 9 नंबरचा घोळ माझ्या वेळेपासूनचा आहे. शेडवर जाताय तर वहीत नाव, आडनाव आणि पायाचा नंबर एकाच ओळीत लिहून घ्या. आडनाव त्यांनाच लिहायला सांगा किंवा आधार कार्ड बघा, हजेरीपटावर अर्ध्यांची चुकलेली आहेत. आणि बुटांचा अर्ज समितीच्या नावाने आयुक्तांना द्या, इनवर्ड नंबर घ्यायला विसरू नका.

टर्नआऊट

आणि कार्यक्रमाच्या दिवशी आमची एक गाडी मैदानाबाहेर स्टँडबाय उभी करायला लावतील, तिच्यापुढे पाहुण्यांच्या गाड्या लावू देऊ नका ताई, दरवर्षी लावतात.